लॉग म्हणजे नक्की काय? (टेबल बघता येतं, कळत मात्र नाही)

आळशी_मुंगी

मंडळी, जरा लाजिरवाणा प्रश्न आहे. हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.

लेकीला गणितात लॉगॅरिदम सुरू झालंय. काल वही घेऊन आली आणि म्हणाली, आई लॉग म्हणजे नक्की काय गं? मी ऐटीत सांगायला बसले, हे बघ, पहिले दोन आकडे डावीकडच्या उभ्या रकान्यात शोधायचे, तिसरा वरच्या ओळीत, चौथ्यासाठी उजवीकडचा मीन डिफरन्स मिळवायचा, मग पुढे कॅरॅक्टरिस्टिक लावला की झालं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघायचं कसं ते नाही विचारलं, ते आहे काय ते विचारलं."

तिथेच माझी बोलती बंद. खरं सांगते, लॉगच्या गणितांत मी पैकीच्या पैकी मार्क काढलेत, अजूनही २३.४७ चा लॉग टेबलात दहा सेकंदात सापडतो (१.३७०५, आत्ताच बघितला), पण हा १.३७०५ त्या २३.४७ चा कोण लागतो हे मला आजतागायत माहीत नाही. कुणीतरी आकडे छापून ठेवलेत, आपण ते बघायचे, बेरीज करायची, अँटिलॉग (लॉगवरून उलटा मूळ आकडा) बघायचा, गुणाकाराचं उत्तर येतं. का येतं ते देव जाणे.

तर कुणीतरी आधी मला समजवा म्हणजे मी तिला समजवेन. व्याख्या पाठ आहे, ती टाकू नका प्लीज.

रिकामटेकडा

रुमाल टाकून ठेवतोय. मी तर मीन डिफरन्सपर्यंतही पोचलो नव्हतो.

शून्य_एक

मी प्रोग्रामिंगवाला, त्यामुळे माझा लॉग दोनच्या बेसचा (म्हणजे दहाऐवजी दोनवर उभा) असतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात आधी शिकवायला पाहिजे. लेकीबरोबर हा खेळ खेळा. तिला सांगा, मी १ ते १००० मधला एक आकडा मनात धरलाय, तू फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. शहाणं पोर ५०० पेक्षा मोठा आहे का इथूनच सुरू करेल कारण त्यात एका फटक्यात निम्मे आकडे बाद होतात. मग मोजत बसा, १००० चे ५००, २५०, १२५, पुढे ६३, ३२, १६, ८, ४, २, आणि १. दहा प्रश्नांत खेळ खलास.

आता विचारा की १ ते दहा लाखातला आकडा असेल तर किती प्रश्न? पोरं हमखास दहा हजार वगैरे काहीतरी म्हणतात. उत्तर आहे वीस. शंभर कोटीपर्यंतचा असेल तर तीस. आकडा हजारपट वाढतो तेव्हा प्रश्न फक्त दहाने वाढतात. हे जे दहा, वीस, तीस आहेत ना तेच त्या आकड्यांचे दोनच्या बेसचे लॉग (अगदी काटेकोर नाही, १००० चा ९.९७ च्या आसपास येतो, पण कल्पना तीच). "अर्धं अर्धं करत एकावर यायला किती वेळा लागतं" एवढाच प्रश्न आहे.

जुना_मास्तर

शून्य_एक, सुरुवात छान केलीत. गंमत म्हणजे तुमचा हा प्रश्न फार जुना आहे. आठव्या-नवव्या शतकातले जैन आचार्य वीरसेन यांच्या धवला या भाष्यग्रंथात 'अर्धच्छेद' ही संज्ञा येते, अर्धच्छेद म्हणजे एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते तो आकडा. तीनने भागत जायचं असेल तर त्रिकच्छेद. म्हणजे दोनच्या आणि तीनच्या बेसचा लॉगच, फक्त तेव्हा गुणाकार सोपे करायला त्याची टेबलं कुणी केली नव्हती.

मुंगीताई, तुमचा खरा प्रश्न "कोण लागतो" हा आहे. उत्तर एका शब्दात, घात. १.३७०५ हा दहाच्या डोक्यावर बसणारा घात आहे. दहाचा १.३७०५ वा घात घेतला की २३.४७ मिळतात. लॉग ही वेगळी वस्तूच नाही, घातालाच दुसऱ्या बाजूने हाक मारली की तो लॉग होतो. घाताच्या गणितात विचारतात दहाचा दुसरा घात किती, उत्तर शंभर. लॉगच्या गणितात विचारतात शंभर व्हायला दहाचा कितवा घात, उत्तर दोन. भागाकाराचं गुणाकाराशी जे नातं तेच हे.

आता बेरजेने गुणाकार का होतो ते बघायला टेबल मिटून ठेवा आणि कागदावर ह्या दोन ओळी लिहा.

घात: ० १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १०
आकडा: १ २ ४ ८ १६ ३२ ६४ १२८ २५६ ५१२ १०२४

१६ गुणिले ६४ करायचंय. गुणू नका. १६ च्या डोक्यावर ४ आहे, ६४ च्या डोक्यावर ६. बेरीज १०. दहाच्या खाली बघा, १०२४. चार दोन आणि सहा दोन एकमेकांना गुणले तर एकूण दहा दोन होणार, यात जादू कसली? वरची ओळ एकेकाने वाढते, खालची दुपटीने, आणि खालचा गुणाकार म्हणजे वरची बेरीज. खालचा भागाकार म्हणजे वरची वजाबाकी. खालचं वर्गमूळ म्हणजे वरचं निम्मं, बघा, २५६ च्या डोक्यावर ८, त्याचे निम्मे ४, खाली १६. मायकेल स्टीफेल नावाच्या जर्मन गणितीने १५४४ सालच्या पुस्तकात अशाच दोन ओळी शेजारी ठेवून हे दाखवलं होतं. लॉग टेबल म्हणजे ह्याच दोन ओळी, फक्त मधले सगळे आकडे भरलेल्या.

आळशी_मुंगी

मास्तर, नमस्कार घ्या. २५६ चं वर्गमूळ बघून मी खरंच एकटीच हसले.

पण आता एक शंका, आणि मला वाटतं मी शाळेत इथेच सोडून दिलं होतं. दहाचा दुसरा घात म्हणजे दहा गुणिले दहा, कळलं. दहाचा १.३७०५ वा घात म्हणजे काय? दहाला सव्वा वेळा कसं गुणायचं? एकदा गुणलं आणि मग थोडंसं गुणलं?

निळी_शाई

हो! अगदी तेच, एकदा गुणलं आणि मग थोडंसं गुणलं. तुम्ही चेष्टेत म्हणालात पण बरोबर म्हणालात.

उड्यांनी विचार करा. १ वर उभे आहात, एका उडीत १० वर जाता, म्हणजे उडी "गुणिले १०". आता तेच अंतर दोन सारख्या उड्यांत कापायचंय. उडी कितीची? पहिल्यांदा मनात येतं पाचची, पण नाही, इथे उड्या गुणाकाराच्या आहेत, तर असा आकडा हवा जो स्वतःशी गुणला की दहा होतो, तो ३.१६२, दहाचं वर्गमूळ. म्हणून दहाचा अर्धा घात ३.१६२. तीन सारख्या उड्या हव्या असतील तर प्रत्येक उडी २.१५४ ची.

आता दहा सारख्या उड्या करा. प्रत्येक उडी १.२५८९ ची पडते (खात्री नसेल तर कॅल्क्युलेटरवर हा आकडा स्वतःशी दहा वेळा गुणा, दहाच्या अगदी जवळ याल). यातल्या तीनच उड्या मारा आणि थांबा. कुठे आलात? १.२५८९ × १.२५८९ × १.२५८९ = १.९९५. दोनाच्या दाराशी! म्हणजे दहापैकी तीन उड्यांत दोन येतात, म्हणून लॉग २ म्हणजे साधारण ०.३. हजार बारीक उड्या केल्या तर ३०१ व्या उडीला दोनाला टेकता, म्हणून टेबलात ०.३०१० छापलंय. तुमचे २३.४७ म्हणजे एक पूर्ण उडी, दहावर आलात, आणि पुढच्या दहा हजार बारीक उड्यांपैकी ३७०५.

ती १ म्हणजे कॅरॅक्टरिस्टिक आणि ०.३७०५ म्हणजे मँटिसा, बस. २३४.७ असते तर दोन पूर्ण उड्या आणि पुढे तेच ३७०५. म्हणून तर टेबलाला दशांश चिन्ह कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

आळशी_मुंगी

अगं बाई. म्हणजे "थोडंसं गुणणं" ही खरी गोष्ट आहे.

लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणाली "मग हे असं का नाही शिकवत?" आता याला माझ्याकडे उत्तर नाही.

गणितद्वेष्टा

सगळं ठीक आहे हो पण कशाला? मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, १६ गुणिले ६४ तो करतो. जे यंत्र आता कुणी वापरत नाही ते पोरांना का शिकवायचं? माझ्या वेळी सरांनी लॉग टेबल विसरलो म्हणून वर्गाबाहेर काढलं होतं, पन्नास मिनिटं व्हरांड्यात उभा होतो, तो राग अजून आहे.

शून्य_एक

व्हरांड्याबद्दल सहानुभूती आहे.

जुना_मास्तर

राग टेबलावर काढा, लॉगवर नको. आणि त्या टेबलालाही जरा मान द्या.

कॅल्क्युलेटर नसताना सात आकडी संख्या सात आकडी संख्येने गुणायची म्हणजे काय ते एकदा कागदावर करून बघा, आणि मग विचार करा की खगोलशास्त्रज्ञांना हे दिवसभर, रोज, वर्षानुवर्षं करायचं होतं. जॉन नेपियर हा स्कॉटलंडमधला जमीनदार, गणित त्याचा धंदा नव्हता, त्याने साधारण वीस वर्षं खपून टेबल तयार केलं आणि १६१४ साली छापलं. लॉगॅरिदम हा शब्दही त्याचाच, ग्रीकमधल्या गुणोत्तर आणि संख्या अशा अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. त्याचे लॉग आजच्यासारखे नव्हते, त्याच्याकडे एका कोटीचा लॉग शून्य होता आणि आकडा लहान होईल तसा लॉग वाढायचा. लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये त्याला भेटायला मुद्दाम एडिनबर्गला गेले आणि दोघांच्या बोलण्यातून ठरलं की १ चा लॉग ० आणि १० चा लॉग १ ठेवला तर सगळं सुटसुटीत होईल. आपण वापरतो ते हे. नेपियर १६१७ मध्ये वारला, काम ब्रिग्जनी पुढे नेलं. १६२४ च्या त्यांच्या ग्रंथात १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,००० या संख्यांचे लॉग आहेत, दशांशाच्या १४ स्थळांपर्यंत. हाताने. सुरुवात करायला त्यांनी १० चं वर्गमूळ, मग त्याचं वर्गमूळ, मग त्याचं, असं ५४ वेळा काढलं होतं. निळी_शाई ज्या बारीक उड्या म्हणाल्या त्या अशा मिळतात, निम्म्याचं निम्मं करत.

मधला राहिलेला भाग अ‍ॅड्रियान व्लाक या डच माणसाने १६२८ मध्ये भरून काढला. आणि योस्ट ब्युर्गी नावाच्या स्विस घड्याळजीने जवळपास अशीच टेबलं स्वतंत्रपणे केली होती, पण छापली १६२० मध्ये, सहा वर्षं उशिरा. बिचारा मागे राहिला. केप्लरने ग्रहांची कोष्टकं १६२७ मध्ये काढली त्यात लॉग आहेतच. पुढे स्लाइड रूल आला, ती पट्टी म्हणजे लॉग टेबलच लाकडावर कोरलेलं, दोन लांब्या एकापुढे एक सरकवल्या की बेरीज होते आणि वाचताना गुणाकार वाचला जातो. १९७२ साली एचपी-३५ हा खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि पट्टी ड्रॉवरमध्ये गेली. पण त्या कॅल्क्युलेटरवरही लॉगचं बटण आहेच, याचा विचार करा.

गणितद्वेष्टा

५४ वेळा वर्गमूळ. बरं, राग थोडा कमी झाला. थोडाच.

बेसूर

मी गाण्याच्या बाजूने दोन पैसे टाकतो. (नाव वाचून हसू नये.)

मध्य सप्तकातला सा समजा २४० हर्ट्झला लावला. तार सा ४८० ला, अतितार ९६० ला. खाली मंद्र सा १२०. आकड्यांकडे बघितलं तर मंद्र ते मध्य अंतर १२०, मध्य ते तार २४०, तार ते अतितार ४८०, अंतर वाढत चाललंय. पण कानाला? कानाला तिन्ही अंतरं सारखीच, एकेक सप्तक. पेटीवरही सारख्याच अंतरावर पट्ट्या आहेत. म्हणजे कान वजाबाकी करतच नाही, तो "किती पट" एवढंच ऐकतो, आणि पटींना सारखी अंतरं देणं म्हणजेच लॉग ना? पेटीच्या बारा पट्ट्या म्हणजे दुपटीचं अंतर बारा सारख्या उड्यांत, प्रत्येक उडी साधारण १.०५९५ ची. निळी_शाईंचा प्रतिसाद वाचताना हेच डोक्यात आलं. आपण लॉग कळण्याआधीपासून लॉग ऐकतोय.

निळी_शाई

बेसूर, आता हे मी सगळीकडे सांगत सुटणार.

रिकामटेकडा

आवाजाच्या डेसिबलमध्ये पण हेच असतं म्हणे. भूकंपाच्या रिश्टरमध्येही. म्हणजे ७ चा भूकंप ६ च्या दसपट मोठा, बरोबर?

जुना_मास्तर

अर्धं बरोबर. यंत्रावरच्या हेलकाव्याची उंची दसपट, पण बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट. दोन अंकांचा फरक म्हणजे ऊर्जा हजारपट. बातम्यांत "६ च्या जागी ७ म्हणजे थोडासाच जास्त" असं वाटतं ते म्हणूनच. डेसिबलमध्ये १० ने वाढ म्हणजे तीव्रता दसपट, ३ ने वाढ म्हणजे जवळपास दुप्पट, कारण लॉग २ म्हणजे ०.३०१. पीएचही तसाच, फक्त उलट्या चिन्हाचा, पीएच ७ वरून ४ वर आला की आम्लता हजारपट.

आळशी_मुंगी

परत आले. आज घरात भांडण झालंय आणि कारण लॉग आहे.

०.०२३४ चा लॉग. मी टेबलाने काढला, बार टू पॉइंट ३६९२. लेकीने कॅल्क्युलेटरवर काढला, त्यात −१.६३०८. ती म्हणते तुझं टेबल चुकलंय, मी म्हणते तुझं बटण चुकलंय. दोन्ही परत करून बघितलं, तेच. ३६९२ आणि ६३०८ चा काही संबंध तरी दिसतोय का?

निळी_शाई

दिसतोय की, बेरीज करा. १०००० होतात.

दोघी बरोबर आहात. बार टू पॉइंट ३६९२ याचा अर्थ उणे २.३६९२ असा नाही, इथेच सगळे घसरतात. बार फक्त दोनच्या डोक्यावर आहे, मँटिसाच्या नाही. म्हणजे दोन उड्या मागे आणि ०.३६९२ पुढे, −२ + ०.३६९२, करा हिशेब, −१.६३०८. कॅल्क्युलेटर एकत्र हिशेब करून सांगतो, टेबलवाले दोन तुकडे वेगळे ठेवतात कारण टेबलात मँटिसा फक्त अधिक छापलाय आणि २.३४, २३.४, ०.०२३४ सगळ्यांना तोच ३६९२ चालवायचा असतो. ती छपाईची काटकसर होती हो.

आळशी_मुंगी

दोन मागे आणि थोडं पुढे. किती वर्षं मी तो बार नुसता काढत आले, रेघ म्हणून.

बरं, तिचा पुढचा प्रश्न, मग उणे आकड्याचा लॉग का नसतो? बाई म्हणाल्या "डिफाइन नाही" आणि पुढे गेल्या.

शून्य_एक

उड्यांत बघा. १ वर उभे आहात, पुढे गेलात तर १०, १००, मागे गेलात तर ०.१, ०.०१, ०.००१. कितीही मागे गेलात तरी आकडा लहान होत जाईल, शून्याला टेकणार नाही, पलीकडे जाणं तर सोडाच. म्हणून शून्यालाही लॉग नाही. लॉग स्वतः उणे असू शकतो (मागच्या उड्या), पण ज्याचा लॉग काढायचा तो आकडा उणे नको. या दोन गोष्टींची सरमिसळ सगळ्यांची होते. आणि बेस १ का नसतो तेही यातच आलं, एकाने गुणत राहिलं तर माणूस जागचा हलतच नाही.

जुना_मास्तर

कॉम्प्लेक्स नंबर आले की उण्यालाही लॉग मिळतो. पण ते नंतर. तिला एवढंच सांगा की बाईंच्या "नाही" पुढे "सध्या" हा शब्द जोड.

आळशी_मुंगी

हो ते "सध्या" तिला फार आवडलं, वहीत लिहून घेतलंय.

अजून एक, हे मात्र विचित्र आहे. मी तिला दटावलं की लॉग (अ + ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब नव्हे, ही चूक परीक्षेत हमखास होते. तर तिने लगेच २ आणि २ घेतले, लॉग (२ + २) = लॉग ४ = ०.६०२१, आणि लॉग २ + लॉग २ = ०.६०२०. म्हणाली बघ येतंय की, तो शेवटचा १ टेबलाचा. मी गप्प.

निळी_शाई

पोरगी वकील होणार.

ते जुळतं कारण २ + २ आणि २ × २ योगायोगाने दोन्ही ४ आहेत. लॉगांची बेरीज गुणाकाराचा लॉग देते, इथे गुणाकार आणि बेरीज एकच निघाली एवढंच. तिला १, २, ३ पण द्या, त्यांची बेरीज ६ आणि गुणाकारही ६, तिथेही जुळेल. मग २ आणि ३ द्या. बेरीज ५, लॉग ०.६९९०. लॉग २ + लॉग ३ = ०.३०१० + ०.४७७१ = ०.७७८१, हा तर ६ चा लॉग. मग विचारा की असे अजून कुठले दोन आकडे सापडतात का ज्यांची बेरीज आणि गुणाकार एकच आहे. (३ आणि १.५ आहेत, पण सांगू नका, शोधू दे.)

गणितद्वेष्टा

मी वाचतोय अजून. एक विचारू? हे टेबल नसताना लॉग ३ वगैरे अंदाजे काढता येतो का? म्हणजे व्हरांड्यात उभा असताना मला काढता आला असता का?

जुना_मास्तर

नक्की आला असता, पन्नास मिनिटं तर भरपूर झाली.

२ चा दहावा घात १०२४, म्हणजे जवळपास १०००. हजाराचा लॉग ३, म्हणून दहा लॉग २ ≈ ३, लॉग २ ≈ ०.३. खरा ०.३०१०. पाच म्हणजे दहा भागिले दोन, म्हणून लॉग ५ ≈ ०.७. तीनसाठी ८१ आणि ८० शेजारी आहेत हे लक्षात घ्या. ८१ म्हणजे ३ चा चौथा घात, ८० म्हणजे ८ × १०, त्याचा लॉग ०.९ + १ = १.९. चारने भागा, ०.४७५. खरा ०.४७७१. सातसाठी ४९ आणि ५०, ५० चा लॉग १.७, निम्मे ०.८५, खरा ०.८४५१. ४, ६, ८, ९ यांचे आता नुसत्या बेरजेने मिळतात. चार शेजार ओळखीचे असले की अख्खं टेबल डोक्यात.

गणितद्वेष्टा

८१ आणि ८०.

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हे नाव घेतलं नसतं.

रिकामटेकडा

वाखु (वाचनखूण) साठवली. आता कुणीतरी तो एलएन पण सांगा ना, लॉग आणि एलएन दोन बटणं का असतात? २.७१८ हा काय आकडा आहे, त्याला नॅचरल कसं म्हणायचं, मला तर तो सगळ्यात अननॅचरल वाटतो.

निळी_शाई

सगळ्यांनाच वाटतो. थोडक्यात सांगते, पूर्ण सांगायला कॅल्क्युलस लागेल.

१ च्या अगदी जवळचा आकडा घ्या, १.०१. एक टक्का वाढ. दहाच्या बेसने त्याचा लॉग ०.००४३२, दोनच्या बेसने ०.०१४३६. दोन्हीत तो एक टक्का ओळखू येत नाही. मग असा बेस शोधला की ज्यात १.०१ चा लॉग जवळपास ०.०१ च यावा, १.००१ चा ०.००१, म्हणजे छोटी टक्केवारी आणि लॉग एकच. तो बेस निघतो २.७१८२८ च्या आसपास, त्यालाच ऑयलर या गणितीने ई हे अक्षर दिलं. ०.००९९५ येतो १.०१ चा, बघा किती जवळ. नॅचरल म्हणतात ते यासाठी. दर साल ठरावीक टक्क्याने वाढणारी गोष्ट दुप्पट कधी होईल हे काढताना ७२ ला टक्क्याने भागतात ना, ८ टक्क्याला ९ वर्षं, ती युक्तीही इथलीच, दोनचा नॅचरल लॉग ०.६९३ आहे आणि ६९ पेक्षा ७२ ला भागणं सोपं जातं म्हणून ७२.

शून्य_एक

आणि एक सावधगिरीची सूचना, पायथॉनसकट बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत नुसतं लॉग लिहिलं की तो नॅचरल असतो, दहाचा नाही. कॅल्क्युलेटरवर लॉग म्हणजे दहाचा. मी यात एकदा दोन दिवस घालवलेत, सगळी उत्तरं २.३०२६ पट येत होती आणि मी डेटाला शिव्या देत होतो. तो २.३०२६ म्हणजे दहाचा नॅचरल लॉग. बेस बदलणं म्हणजे फक्त एका ठरावीक आकड्याने भागणं, इंचाचे सेंटिमीटर केल्यासारखं.

जुना_मास्तर

अवांतर: मुंगीताई, तुमच्या घरचं जुनं लॉग टेबल असेल तर पानांच्या कडा बघा. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये लिहून ठेवलंय की लॉग टेबलाची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असतात. म्हणजे लोकांना १ ने सुरू होणारे आकडे ८-९ ने सुरू होणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा लागतात. पुढे फ्रँक बेनफर्डने १९३८ मध्ये नद्यांपासून लोकसंख्येपर्यंत ढीगभर आकडे तपासून तेच दाखवलं. १ ने सुरू होणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३०.१ टक्के. हा ३०१ ओळखीचा वाटतोय ना?

आळशी_मुंगी

टेबल आणलं. माझं तर सगळंच मळलेलं आहे, आणि मागच्या पानावर कुणाचं तरी चित्र काढलंय, बहुतेक सरांचं. पण १० ते २० च्या ओळींचं पान सुटलंय एवढं खरं.

जुना_मास्तर

मग आता परीक्षा. तुमची, लेकीची नाही. ३ चा ५० वा घात पूर्ण लिहिला तर किती आकडी होईल? गुणाकार करायचा नाही. आणि पहिला आकडा कोणता तेही सांगा.

आळशी_मुंगी

थांबा, करते इथेच.

लॉग ३ = ०.४७७१. पन्नासने गुणलं, २३.८५५. म्हणजे २३ पूर्ण उड्या आणि थोडं पुढे. एका उडीला १० म्हणजे दोन आकडी, दोन उड्यांना तीन आकडी, म्हणजे २३ उड्यांना २४ आकडी. २४ आकडी! पहिला आकडा, ०.८५५ चा अँटिलॉग... लॉग ७ ०.८४५१ आणि लॉग ८ ०.९०३१, मध्ये आहे, सातच्या जवळ. म्हणजे ७ ने सुरू. अँटिलॉग बघितला पण नाही मी.

लेक शेजारी बसून मोबाईलवर तपासतेय. ७१७८९७ पुढे बरंच काही. २४ आकडे मोजले तिने बोटाने.